चौथा रकाना

जगदेव भित्रा माणूस होता. सापाला भ्यायचा, पोलिसाला भ्यायचा, आणि पटवाऱ्याच्या दप्तराला या दोघांहून जास्त भ्यायचा. चावडीसमोरून जाताना कोणी सांगितलं नसताना पायातलं काढून हातात घ्यायचा. अशा माणसाच्या हाती धामणखेडच्या लोकांनी शाळेची यादी दिली, कारण गावात मोडी लिहिणारे तिघंच होते. पटवारी फुकट लिहीत नसे. रामराव पाटील स्वतः लिहीत नसत, दुसऱ्याला सांगत. राहिला जगदेव. त्याला मोडी कोणी शिकवली नव्हती. पटवाऱ्याच्या ओसरीवरची रद्दी झाडताना चार वर्षं त्यानं कागद उचलून आणले, गोठ्यात बसून एका अक्षराला दुसरं लावून पाहिलं, आणि नऊ एकराचा तो कुणबी लिहिता झाला. लिहिता झाला म्हणून भीती गेली नाही. उलट कागदात काय असतं ते कळल्यानं वाढली.

सन त्रेचाळीसचा उन्हाळा. लढाई कुठं चालली होती ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण रॉकेल मिळत नव्हतं, धोतरजोडी मिळत नव्हती, आणि शेलूबाजारात दर आठवड्याला भरतीवाल्यांचा बाजा वाजत होता.

गावची शाळा चौथीपर्यंत. पुढं इंग्रजी शिकायचं तर वाशिम. तिथं पोराला ठेवणार कुठं, जेवू कोण घालणार? ज्यांची सोय होती त्यांची पोरं वकील होऊन परत येत आणि गावच्याच लोकांकडून अर्जाचे पैसे घेत. ज्यांची नव्हती त्यांची पोरं शेळ्या वळत. जगदेवचा पुंजा चौथीत पहिला आला होता. तोही शेळ्याच वळत होता. माघात जगदेवनं त्याला सरकीच्या पोत्यावरचं नाव वाचायला सांगितलं. पोरगं अडखळलं. दोन अक्षरं गिळली, तिसऱ्यावर थांबलं आणि बापाकडे पाहून ओशाळं हसलं. एका वर्षात. त्या क्षणी जगदेवला जी भीती वाटली तशी साप पाहूनही कधी वाटली नव्हती.

मारुतीच्या पारावर तो त्याच आठवड्यात बोलला. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी विचारलं, “काय म्हणून राह्यला रे?” पण बोलला. बोलल्यावर कळलं की नऊ खेड्यांतले बाप हेच मनात धरून बसले होते, पहिला कोण बोलतो एवढंच पाहत होते. पुढची शाळा गावातच द्या म्हणून अर्ज गेले. लोक दोनदा तहसिलीच्या गावी, मंगरूळला, बैलगाड्या जुंपून जाऊन आले. शेवटी शिक्षणखात्याचा जबाब आला: साठ पोरं दाखवा, दोन वर्षांसाठी जागा दाखवा, आणि चार रकान्यांची यादी तयार ठेवा. डिप्टीसाहेब येऊन तपासतील.

जागा रामराव पाटलांनी दिली, सरकीचं रिकामं गोदाम. म्हणून कमिटीचे अध्यक्ष तेच. राहिली यादी. पहिल्या रकान्यात पोराचं नाव, दुसऱ्यात वय, तिसऱ्यात बापाचं नाव. चौथा रकाना लांबलचक होता: मुलगा शाळेत गेल्यावर घरचं औत कोण धरील. खात्याला आधीचा अनुभव होता. कापूस फुटला की बाप पोराला उचलून नेतो, वर्ग ओस पडतो. म्हणून घरात दुसरे काम करणारे हात आहेत की नाहीत ते आधीच लिहून मागितलं.

पहिल्या पानावर पहिलं नाव पाटलाच्या धाकट्याचं. पाटील खाटेवर रेलून सांगत होते आणि जगदेव लिहीत होता.

“लिव. थोरले भाऊ दोन. एक पंचवीसचा, एक बावीसचा. दोघंबी धडधाकट. दिवसाला आठ एकर वखरते लिव.”

“आठ, पाटीलबुवा?”

“अबे लिव ना! साहेबाले समजलं पायजे कोणाचं घर हाय.”

जगदेवनं लिहिलं.

नऊ खेड्यांची मिळून त्रेचाळीस पोरं झाली. साठाला सतरा कमी. ती निघाली बरडीवरच्या, गावाबाहेरच्या खडकाळ टेकाडावरच्या, बंजाऱ्यांच्या तांड्यात. गावानं तांड्याला कधी शाळेत धरलं नव्हतं. आता आकडा भरेना तेव्हा आठवण झाली. पोर चौथी शिकलेलंच पाहिजे असं खात्यानं कुठं लिहिलं नव्हतं. तांड्याचा प्रमुख हेमला नाईक खूश झाला होता. त्यानं जगदेवला घरोघर नेऊन अठरा घरांची नावं दिली, आणि प्रत्येक पोराच्या थोरल्या भावाचं, काकाचं नाव चौथ्या रकान्यात घालायला लावलं. त्रेचाळीस आणि अठरा, एकसष्ट. त्या दिवशी जगदेव गाणं गुणगुणत घरी आला, तर त्याची बायको गोजराबाई म्हणाली, “ताप तं नाही ना आला?”

मग शेलूबाजारची ती गोष्ट झाली. बाजाला भुलून पाहायला उभी राहिलेली दोन जवान पोरं भरतीवाल्यानं लॉरीत बसवली. मर्जीनं बसली म्हणे. त्यांची आई लॉरीमागं नाल्यापर्यंत धावली, मर्जीनंच धावली असेल. पोरं आसामात डोंगर फोडायला गेली आणि पुढं त्यांची चिठ्ठी नाही. लॉरी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हेमला नाईकाचा निरोप आला: जगदेवनं एकट्यानं वर यावं.

एरवी हेमला त्याला खाट टाकायचा. त्या दिवशी टाकली नाही. जगदेव उभाच राहिला. भोवती तांड्यातले चाळीसेक लोक. नाईकाचा थोरला रूपला, वीस वर्षांचा, बैलासारख्या खांद्याचा, काठी टेकून मागं उभा होता. त्या काठीकडे न पाहायचं जगदेवनं ठरवलं आणि तिच्याकडेच पाहत राहिला.

“जगदेव,” हेमला म्हणाला, “माह्या रूपलाचं नाव तुह्या कागदावर कायले पायजे?”

“शायेसाठी, नाईक. रूपला औत धरीन, तवा तुमचा हरिसिंग शायेत जाईन. तुमीच तं लिवाले लावलं.”

“लावलं. तवा अक्कल नव्हती. आता सांग. मास्तरानं पोट्ट्याचं नाव इचारलं, समजलं. बापाचं इचारलं, समजलं. घरात जवान गडी किती हायेत, हे मास्तराले काहून पायजे?”

जगदेवकडे जबाब होता. खरा होता. पण तो तोंडात आला आणि त्याला स्वतःलाच पोकळ वाटला.

“कोतवाल गावातल्यांचं जलम-मरण बुकात लिवते,” हेमला पुढं म्हणाला. “बरडीवर तो कधी चढला नाही. आमचं पोट्टं जलमलं, मेलं, सरकारले खबर नाही. आमच्या बाप-आज्यापासून आमी कोण्या कागदावर नव्हतो. तू पयला लिवणारा.”

नाईकाची बायको धनीबाई पुढं आली. तिच्या हातातले बलोते, दंडापर्यंतचे जाड चुडे, वाजले. “फाडून टाक तो कागद. आत्ताच.”

“फाडला तं अठरा नावं गेली, बाई. शाया गेली. तुमच्याबी पोट्ट्याची, माह्याबी पोट्ट्याची.”

“माह्या पोटचा गेला तं शाया चाटू का मी?”

मग हेमला हळू म्हणाला, “राहू दे कागद. पर साहेब येऊन जाईपर्यंत तुहा पुंजा माह्यापाशी राहीन. मी त्याले माह्या हरिसिंगासंग जेवू घालीन, संग निजवीन. केसाले धक्का नाही लागू देणार. पर रूपलाले कोणी हात लावला तं तांडा उचलीन. आन् तांडा जिथं जाईन, तिथं तोबी जाईन.”

जगदेव हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. तसाच बरडी उतरला.

घरी गोजराबाईनं सगळं ऐकलं. “लोकानं तुमचं पोट्टं मांगतलं, आन् तुमी काय म्हटलं?”

“काहीच नाही म्हटलं.”

“म्हंजे हो म्हटलं.”

ती चुलीपुढं बसून राहिली. भाकर करपली तरी उलटली नाही. जगदेवला वाटलं आता ही ओरडेल, आणि मग आपल्याला सुटका मिळेल. बायको सोडत नाही असं सांगता येईल. पण ती उठली, पुंजाचे दोन सदरे फडक्यात बांधले आणि त्यावर त्याची पाटी ठेवली. “इथं राहून कोणता मोठा वकील होते? शेयाच वयते. तिथं वयीन.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः त्याला वर सोडून आली. येताना बरडीच्या पायथ्याशी ती अर्धा तास बसून होती असं गुराख्यांनी सांगितलं. तिनं कधी सांगितलं नाही.

आठ दिवस. जगदेव रोज सकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा राहून बरडीवरचा धूर पाहायचा. धूर आहे म्हणजे तांडा आहे. तांडा आहे म्हणजे पुंजा आहे. मग तो कामाला लागायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा मान वळवायचा.

नवव्या दिवशी मोटार आली. डिप्टीसाहेब एकटे यायचे होते. मोटारीतून दोघं उतरले. एक डिप्टी, जबलपूरकडचा जवान माणूस, चष्मा, घामानं चिकटलेला कोट. दुसरा खाकी. भरतीचा जमादार. पेट्रोल मोजून मिळत होतं, म्हणून तहसिलीनं दोघांना एकाच मोटारीत घातलं होतं. जगदेवला हे कारण मागाहून कळलं. तेव्हा त्याला फक्त खाकी दिसली, आणि त्याच्या तळहातांना असा घाम फुटला की यादीची तीन पानं एकमेकांना चिकटली.

पारावर सतरंजी अंथरली होती. पाटील जमादाराला चहा देत होते. “माह्या घरचं काय सांगू जमादारसाहेब! थोरल्याले मिरगी येते. त्याच्या मागच्याचं कंबरडं गेलं, उठताबी येत नाही. नाहीतं दोघंबी तुमच्या सेवेत दिले असते.” जमादार मान डोलावत होता. त्याला असली उत्तरं रोज मिळत असावीत.

तेवढ्यात मागून कोणीतरी जगदेवच्या कानाशी आलं. “बरडीवरचा धूर गेला.”

त्यानं वळून पाहिलं. बरडी स्वच्छ दिसत होती. एकसुद्धा रेघ नाही. तांड्यानं खाकी कपडे वरूनच पाहिले होते.

पलीकडे विहिरीवर बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांत गोजराबाईही होती. तिनंही बरडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. घागर खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

डिप्टीनं यादी उघडली आणि कपाळाला आठी घातली. “ही तर मोडी आहे. मला येत नाही. बालबोध लिहायचं ना! बरं, वाचून दाखव. आणि ऐका सगळे. ज्याच्या घरी दुसरे हात नाहीत ते पोरगं दिवाळीपर्यंतही वर्गात टिकत नाही. असं नाव मी कापणार. साठाला एक जरी कमी पडलं तरी शाळा नाही.”

जमादारानं खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली.

“तुम्ही काय लिहिता?” डिप्टीनं विचारलं.

“तुमाले पोरं पायजे साहेब, मले पोराईचे भाऊ. एका कागदात दोघांचं काम. पेट्रोल वाचते तसं.” तो हसला. “गावातले कोतवालाच्या बुकात हायेतच. वरच्या तांड्याची गिनती आजवर कोणाजवळच नव्हती. धन्य तुमची शाळा.”

डिप्टीनं चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. तोही नोकरीला भिणारा माणूस होता, हे जगदेवला त्याच्या बोटांवरून कळलं. भिणाऱ्याला भिणारा ओळखू येतो.

म्हणजे हेमलाचं खरं होतं. इतके दिवस जगदेव मनात म्हणत होता की अडाणी लोक, उगाच भितात. अडाणी तो होता. खात्याच्या चांगल्या हेतूसाठी त्यानं तांड्यातल्या प्रत्येक जवान माणसाला आपल्या सुरेख अक्षरात पकडून दिलं होतं.

पाटील वाकून त्याच्या कानात बोलले, “तांड्याचं पान आधी वाच. मंगरूळहून मले पंधरा गड्यांचा हुकूम हाय. त्याईच्यातले देऊन टाकू. आपल्या गावचे वाचतीन, आन् शायाबी होईन. काय?” आणि हा कमिटीचा अध्यक्ष. दुसऱ्यांची पोरं मोजून देताना त्याचा आवाज कापूस विकतानाच्या आवाजाहून वेगळा नव्हता.

जगदेवनं तिसरं पान वर घेतलं. पहिली ओळ. हरिसिंग, वय बारा, बाप हेमला. इतकं त्यानं वाचलं. पुढं लिहिलं होतं: थोरला भाऊ रूपला, वय वीस.

रूपला म्हटलं तर पुंजा गेला. कोणी नाही म्हटलं तर नाव कापलं, पुढच्या सतरा घरांचंही तेच, म्हणजे शाळा गेली.

“चौथा रकाना,” डिप्टी म्हणाला. “औत कोण धरील?”

जगदेवनं वर पाहिलं. समोर, विहिरीजवळ, गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. कोपरापर्यंत उन्हानं रापलेले हात.

“धनीबाई,” तो म्हणाला.

“कोण धनीबाई?”

“माय साहेब. पोट्ट्याची माय.”

पारावर हसू फुटलं. “बाई औत धरीन?” कोणीतरी म्हणालं. “मंग बुवा पोयी लाटीन!”

“धरते,” जगदेव म्हणाला. आवाज इतका कापत होता की डिप्टीनं त्याला पुन्हा बोलायला लावलं. “निंदण कोण करते साहेब? येचणी कोण करते? सारं बायाच करते. औतच तेवढं धराचं राह्यलं. धरतीन.”

डिप्टीनं काही क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या कागदावर एक खूण केली. “पुढचं.”

दुसऱ्या पोराला त्यानं सोनीबाई सांगितली. आणि तिथं त्याचा खजिना संपला. त्याला तांड्यातल्या दोनच बायकांची नावं ठाऊक होती. अठरा घरं फिरून त्यानं पुरुषांची नावं, वयं, सगळं लिहून आणलं होतं; बायकांचं एक नाव विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. सोळा घरं बाकी, आणि जमादाराची पेन्सिल वहीवर टेकलेली.

“मनकर्णाबाई,” तो म्हणाला. ती त्याची मेलेली आई होती. “सोजरबाई.” ती मेलेली मावशी. मग चुलत्या आल्या, आत्या आल्या, मेलेल्या संपल्या तेव्हा जिवंत सुरू झाल्या. “रंगूबाई.” विहिरीवर खरी रंगूबाई होती. तिनं नाव ऐकलं, तोंड उघडलं, आणि गोजराबाईनं तिच्या पायावर पाय दिला. रंगूबाईनं तोंड मिटलं. मग गावातल्या एकेका बाईचं नाव निघत गेलं, आणि प्रत्येक बाई आपलं नाव ऐकून जमिनीकडे पाहत राहिली. सतरावं नाव त्यानं गोजराबाईचं घेतलं. अठरावं कोणाचं घेतलं ते त्याला पुढं कधी आठवलं नाही.

जमादाराच्या वहीत एक अक्षर पडलं नव्हतं. त्यानं वही मांडीवर आपटली. “अठरा घरं, आन् एका घरात गडी नाही? मरीनं नेले का? पाटील, तुमाले मोडी येते?”

“येते ना,” पाटील म्हणाले. “द्या इकडं. मी वाचतो बराबर.”

जगदेवनं पान दिलं. त्यानं मुद्दाम केलं असं पुढं लोक सांगू लागले. खोटं आहे. त्याचे हात इतके थरथरत होते की तिन्ही पानं सतरंजीवर पडली, आणि त्यानं गोळा करून जे हाताला आलं ते पाटलापुढं धरलं. धरल्यावर त्याला दिसलं. पहिलं पान. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून तो गप्प राहिला. भीतीचा त्याला जन्मात एवढाच एक उपयोग झाला.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि वाचायला पान डोळ्यांसमोर धरलं. त्यांच्या धाकट्याचं नाव. वय. त्यांचं स्वतःचं नाव. थोरले भाऊ दोन, पंचवीस व बावीस, दोघेही धडधाकट, दिवसाला आठ एकर वखरतात. पाटलांनी दिलेला चहाचा कप अजून जमादाराच्या पुढ्यात होता.

पाटलांची मान आधी लाल झाली, मग पांढरी. त्यांनी जगदेवकडे पाहिलं. जगदेवनं डोळे मिटले.

“वाचा ना,” जमादार म्हणाला.

“बायाच हायेत,” पाटील म्हणाले.

“साऱ्या पानावर?”

“साऱ्या पानावर बायाच.” आणि पान चार घड्या करून त्यांनी जगदेवच्या मुठीत कोंबलं.

जमादार मूर्ख नव्हता. त्यानं पाटलाकडे, मग जगदेवकडे, मग विहिरीकडे पाहिलं. “वखराच्या दिवसांत मी याच रस्त्यानं जाणार हाये,” तो उठत म्हणाला. “पाहतो तवा बाया औत कशा धरते ते. गडी दिसला औतामागं, तं लॉरी आणतो.”

गावातल्या पोरांचा चौथा रकाना कोणी विचारलाच नाही. डिप्टीनं ती दोन पानं नुसती पोरांची नावं विचारून उरकली. एकसष्ट. मोटारीत बसताना तो जगदेवजवळ थांबला. “सोमवारपर्यंत बालबोधात नक्कल मंगरूळला पोचव,” म्हणाला, आणि जमादार पुढं बसल्याची खात्री करून हळूच, “जे वाचलंस तेच लिही. सगळ्या पानांवर.”

मोटार गेल्यावर पाटलांनी जगदेवचं मनगट पिरगाळलं. “माह्याच पानानं मले मारलं तू, लेका.”

“चुकून झालं, पाटीलबुवा.”

“चुकून झालं म्हणूनच सोडून राह्यलो.”

रंगूबाई विहिरीवरून ओरडली, “मले बंजारीण केलं व याने! आता घालाले फेटिया-घागरा आन् बलोतेबी आणून दे म्हणावं!” बाया हसल्या. गोजराबाई हसली नाही. ती बरडीच्या वाटेला लागली होती. जगदेव मागं धावला.

वर तांडा नव्हता. चुली होत्या, विझलेल्या. एका चुलीत पाणी ओतलेलं, राख अजून ओली. शेळ्यांच्या लेंड्या, तुटलेला एक दोर, मोडक्या खाटेचा खूर. गोजराबाई प्रत्येक झोपडीत वाकून पाहत गेली. शेवटच्या झोपडीतून बाहेर आली आणि चुलीजवळ खाली बसली.

“पाटी नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“पाटी दिसत नाही. नेली त्यानं संग.” याचा अर्थ चांगला की वाईट, ते तिलाही कळत नव्हतं. जगदेवनं हाक मारली. “पुंजाऽऽ!” पलीकडच्या दऱ्यातून, ओढ्याच्या खोल घळीतून, आवाज परत आला. पुन्हा मारली. मग घसा बसला. यादी त्याच्या मुठीतच होती. पोराला शाळा मिळावी म्हणून पोरगंच घालवलं, हे त्याला आता स्वच्छ कळत होतं, आणि कळून घेण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

दऱ्यातल्या पळसांमागून आधी धनीबाई वर आली. एकटी. दहा पावलांवर थांबली.

“किती नेले?”

“कोणीच नाही.”

“कागदावर नाव होतं. वाचलं नाही?”

“वाचलं,” जगदेव म्हणाला. “तुहं वाचलं. रूपलाच्या जागी.”

त्यानं अडखळत सगळं सांगितलं. धनीबाईनं ऐकून घेतलं. मग वळून आपल्या बोलीत दऱ्याकडे काहीतरी ओरडली. झाडांतून माणसं निघू लागली, बाया, शेळ्या, हेमला, आणि सगळ्यांत मागं रूपला. त्याच्या खांद्यावर पुंजा बसला होता, हातात पाटी. गोजराबाई उठली, पोराला खाली उतरवलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “किती मयलं हाय आंग! आंघोय कोणी करीन?” मग त्याचा सदरा मुठीत धरला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

हेमला जगदेवसमोर उभा राहिला. “तू माह्यासाठी नाही केलं. तुह्या पोट्ट्यासाठी केलं.”

“हाव,” जगदेव म्हणाला.

हेमलानं मान हलवली. ते उत्तर त्याला पटलं. त्यानं खाट मागवली.

जगदेवनं त्या खाटेवर बसून अठरा बायकांची खरी नावं विचारली. बाया तोंडावर पदर घेऊन एकमेकींची सांगत होत्या, आपलं कोणी सांगेना. पुंजा पाटीवर बालबोधात उतरवत होता. अडखळत, पण लिहीत होता.

मंजुरी वैशाखाच्या आरंभी आली. त्यात अट होती: शाळा उघडेपर्यंत यादीतलं कुठलंही घर खोटं आढळलं तर मंजुरी रद्द. म्हणून त्या वर्षी बरडीवरच्या रानात बायांनी वखर धरले. गावातल्याही काहींनी धरले, कारण नकलेत त्यांचीही नावं होती. पाटलाच्या दोन्ही धडधाकट पोरांना मिरगी आणि कंबरदुखी घेऊन माडीवर निजून राहावं लागलं, आणि पाटलीणबाई रोज तासभर शेतात जाऊन बैलांना शिव्या देऊन येत. तांड्याचे जवान दिवसभर दऱ्यात असत.

जगदेवचं वय बेचाळीस. त्याला कोणी भरतीत घेतलं नसतं. तरी मोटारीचा आवाज आला की तो सर्वांआधी दऱ्यात.

एका दिवशी दुपारी धूळ दिसली. मंगरूळच्या रस्त्यावर. वखर गोजराबाईच्या हातात होता, बैल वखराच्या ओळीत, निम्म्या तासात. जगदेव पळाला, दऱ्याच्या काठाखाली पालथा पडला, तोंड वाळूत. आवाज जवळ आला. शेताच्या बाजूला आला. आणि थांबला. इंजिन बंद झालं नाही, नुसतं गुरगुरत राहिलं. कोणी उतरलं का? पावलं येतात का? त्याला फक्त आपल्या कानातलं रक्त ऐकू येत होतं, आणि त्यापलीकडे गोजराबाईचा बैलांवर ओरडण्याचा आवाज, जाताना बारीक, परत येताना मोठा. वखराची तीन तासं झाली असावीत. चार. मग इंजिन वाढलं, आवाज शेलूबाजाराकडे गेला, विरला. जगदेवला तरी उठता येईना.

“या वर,” गोजराबाईनं हाक दिली. “गेली.”

तो गुडघ्यांवर वर आला. तोंडाला वाळू. “कोण होतं? जमादार होता का? काही लिवून नेलं का?”

तिनं बैल वळवले. लुगड्याचा काचा घट्ट केला, आणि वखरावर वजन टाकलं.

“मी कायले पाहू?” ती म्हणाली. “माहं तास वाकडं झालं असतं.”